धान आलं की ड्युटी

परवा पहाटे खिडकी उघडली आणि तो वास आत आला. कापलेल्या धानाचा, दवात भिजलेल्या पेंढ्यांचा, त्यात थोडा धूर. आमची कॉलनी रायपूरच्या टोकाला, अभनपूरच्या रस्त्याला लागून आहे. मागच्या बाजूला काही शेतं अजून शिल्लक आहेत. बिल्डरचं लक्ष जात नाही तोवर पिकत राहतील. दरवर्षी दिवाळीच्या मागेपुढे हा वास येतो. सकाळी फिरायला निघालेले लोक छातीभर श्वास घेऊन म्हणतात, वा, काय मस्त! मला या वासाने आधी राग येतो. मी खिडकी धाडकन लावून घेतली. मग स्वतःचाच वैताग आला आणि पुन्हा उघडली. वासाने माझं काय वाकडं केलंय?

राग कोणावर आहे ते सांगायचं तर प्रभाकरांबद्दल सांगावं लागेल. प्रभाकर म्हणजे माझे यजमान. घरी मी त्यांना 'अहो' म्हणते; लिहिताना नाव घ्यायची मोकळीक घेते. आम्ही मूळचे भंडाऱ्याकडचे, पण त्यांची सगळी नोकरी इकडे, धान खरेदी केंद्रांवर गेली. शेतकऱ्याने आणलेला माल बघायचा आणि पास करायचा, नाहीतर परत पाठवायचा. पोत्यात परखी खुपसायची, म्हणजे टोकदार लोखंडी नळी. तिच्यातून मूठभर दाणे हातात येतात. ते तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि एक दाणा दाताखाली धरायचा. कट् वाजला तर वाळलेला, नाही वाजला तर ओला. ओल मोजायची मशीन आली तरी हे आधी चावायचे, मग मशीनकडे बघायचे. हंगामात रात्री घरी आले की खिशात कोंडा, बुटात कोंडा, कानामागे कोंडा. मी ओरडायची, "अहो, आधी अंघोळ करा, घराचं खळं करून टाकलं तुम्ही!" ते हसत हसत न्हाणीघरात जायचे आणि तिथेही कोंडा सांडायचे.

ते रिटायर झाले आणि दोनेक वर्षांत त्यांचं मन उसवायला लागलं. आधी शब्द गेले, मग रस्ते, मग माणसं. पण या आजारालाही काहीतरी खोडी असावी. उन्हाळाभर ते कूलरसमोर शांत बसून असायचे. पावसाळ्यात ओसरीवर खुर्ची टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला हात करायचे. आणि धान पिकलं, हवेत तो वास आला, की पहाटे उठून दाढी करायचे, शर्टाची वरपर्यंत बटणं लावायचे, खिशाला पेन अडकवायचे आणि निघायचे. पुसून टाकलेल्या डोक्यात हा एक वास कुठे लपून बसला होता, देव जाणे.

"अहो, कुठं चालले?"

"ड्युटीवर. काहून? सीझन आहे नं."

"रिटायर झाले न तुम्ही."

"तुले कोणं सांगितलं?" ते खरंच आश्चर्याने विचारायचे. "सरक. केंद्रावर लाइन लागली असंन, मले उशीर होऊन राहिला."

मी चपला घालायची आणि मागे जायची. त्यांच्या मागे चालताना मला त्यांची पाठ दिसायची, ताठ, साहेबी. हंगामात मी चार किलो उतरायची आणि कॉलनीतल्या बायका म्हणायच्या, भाभीजी, अच्छा मॉर्निंग वॉक हो जाता है आपका.

चार वर्षांपूर्वीच्या हंगामात एक दिवस मी अंघोळीला गेले. तेवढाच माझा गुन्हा. बाईने अंघोळीला जाऊ नये असं त्या दिवसापासून कॉलनीचं मत झालं. बाहेर येऊन बघते तर फाटक उघडं आणि प्रभाकर नाहीत. ते थेट अभनपूरच्या रस्त्याला लागले होते. त्या रस्त्यावर धानाचे ट्रक भरधाव जातात, ताडपत्र्या फडफडवत, आणि कडेला खरेदी केंद्राकडे निघालेल्या ट्रॅक्टरच्या रांगा. त्यांनी एका ट्रॉलीवरच्या पोत्यात हात घातला. शेतकऱ्याला वाटलं चोर. त्याने ढकललं, हे रस्त्यावर पडले, कपाळ फुटलं. मग रांगेतलाच कोणी म्हातारा ओरडला, अरे, ये तो बोरकर साहब हैं! ज्याने ढकललं त्यानेच ट्रॅक्टरवर बसवून घरी आणलं आणि अंगणात हात जोडून उभा राहिला. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला काय माहीत होतं?

ज्यांना माहीत होतं त्यांच्यावर आहे. संध्याकाळी बघायला आलेल्या लोकांमध्ये तिघं जण असे निघाले, ज्यांनी सकाळी प्रभाकरांना एकटं जाताना पाहिलं होतं. एकाने तर विचारलंही होतं, "क्या साहब, ड्यूटी?" आणि हे "हो" म्हणाल्यावर हसून पुन्हा पेपरात डोकं घातलं होतं. हे त्याने मला स्वतःच सांगितलं, गंमत म्हणून. मी चहाचा कप त्याच्या हातातून काढून घेतला. लोक म्हणाले, भाभीजी को टेंशन है.

कॉलनीचे सचिव सगळ्यात शेवटी आले. त्यांचं घर आमच्या गल्लीच्या टोकाला, रस्त्याच्या तोंडाशीच. म्हणाले, "गेट में ताला लगाइए न. आपकी भी टेंशन खतम, हमारी भी." त्यांची कसली टेंशन होती ते मला आजवर कळलेलं नाही.

मग मी मदत शोधायला निघाले. मदत शोधणं ही काय चीज आहे ते ज्याने शोधली त्यालाच कळतं. पहिले डॉक्टर म्हणाले, उमर का असर है. वय त्रेसष्ट! दुसऱ्यांनी प्रभाकरांना वार विचारला, महिना विचारला. प्रभाकर साहेबी हसून म्हणाले, "आप ही बताइए, पेपर तो आप पढ़ते हैं," आणि डॉक्टर खूश होऊन म्हणाले, कितने हाजिरजवाब हैं. तिसरे डॉक्टर भले होते. त्यांनी तपासण्या केल्या, नीट बसवून आजाराचं नाव सांगितलं, डिमेन्शिया, आणि कागदावर लिहिलं की सतत देखरेख हवी. मी विचारलं, कोणाची? त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "घर में और कौन है?" घरात मीच होते. मी तेव्हा शाळेत विज्ञान शिकवत होते. त्या एका प्रश्नाने माझी नोकरी संपली.

दिवसभर असे रुग्ण सांभाळणारं एखादं ठिकाण असेल म्हणून इथल्याच शंकर नगरात, अजून कुठे कुठे चौकशी केली. नागपूरला बघा, पुण्यात आहे म्हणतात, अशी उत्तरं मिळाली. पुण्याला रोज सकाळी सोडून संध्याकाळी आणायचं होतं का मी त्यांना? एका वृद्धाश्रमात गेले. तिथले व्यवस्थापक म्हणाले, बिछान्यावरचे पेशंट आम्ही घेत नाही. म्हटलं, हे चालतात. म्हणाले, चालणारे तर मुळीच घेत नाही, निघून जातात. म्हणजे नेमके कसे घेता, असं मी विचारलं, तर त्यांनी मला देणगीचं पत्रक दिलं. एका एजन्सीने सांभाळायला माणूस पाठवला, तो मोबाइलमध्ये इतका गुंग की प्रभाकर त्याच्या अंगावर शाल घालून निघून गेले. सगळ्यांनी हात झटकले, आणि झटकताना प्रत्येकाने तेच सांगितलं: भाभीजी, आप बहुत पुण्य कर रही हैं. पुण्याचा मला तेव्हापासून जो तिटकारा आला तो गेलेला नाही.

यात वर्ष गेलं. पुढच्या भाऊबीजेला नणंद आली, नागपूरहून, सुमनताई. पाहुणे आले की प्रभाकर शहाणे व्हायचे. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांना हा छळ ठाऊक असेल. ओवाळून घेतलं, टिळा लावून घेतला, "प्रवास कसा झाला?" विचारलं, दोन जुने किस्से सांगितले. सुमनताई स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "दादा तं चांगला आहे, वहिनी. तुम्हीच उगंच घाबरून राहिल्या." मी पुरण वाटत होते. पाट्यावरून हात उचलला नाही, कारण उचलला असता तर काय केलं असतं सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच दादाने तिला "बाई, तुमी कोण? माल कुठाय?" विचारलं आणि तिला बाजूला सारून फाटकाकडे निघाले. मी मागे धावले, गल्लीच्या टोकाला गाठून आणलं. सुमनताई रडली. दुपारी रिक्षा करून बाजारात गेली आणि एक कुलूप घेऊन आली. जाड, पितळी, नवंकोरं.

"राग नका मानू, वहिनी. जनावरालेही आपण बांधतोच नं, त्याच्या भल्यासाठी."

"सुमनताई," मी म्हटलं, "हे कुलूप तुमच्या घराले लावा. इथं तुमचा दादा राहते, जनावर नाही."

ती ते विसरल्यासारखं करून टेबलावर ठेवून गेली. भंगारवाला आला तेव्हा मी ते त्याच्या हातगाडीवर टाकलं. तो म्हणाला, दीदी, ये तो नया है. म्हटलं, घेऊन जा. लोक मला हट्टी म्हणाले. असेन. पण दाराला आतून कुलूप लागलं की प्रभाकर त्या दारावर दिवसभर धडका देणार, ड्युटीला उशीर होतोय म्हणून रडकुंडीला येणार, आणि मी तिथेच बसून ते ऐकणार. गोळ्या देऊन झोपवणार. हंगाम उलटेपर्यंत त्या माणसाचं उरलंसुरलं साहेबपणही संपणार. मला ते तसं संपू द्यायचं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच होतं की त्यांना निघू द्या, आणि त्या रस्त्यापर्यंत पोचू देऊ नका. हे इतकं अवघड मागणं होतं का?

जुन्या शाळेतल्या एका बाईंनी मला हेल्पलाइनचा नंबर दिला. दुसऱ्याच कुठल्या शहरातली. फोनवरच्या बाईशी मी आधी भांडले, कारण तोवर सगळ्यांशी भांडायची सवय लागली होती. तिने भांडू दिलं. तिची आई याच आजारात गेली होती. मग म्हणाली, "त्यांना अडवू नका. जे काम करायला ते निघतात ते वाटेतच कुठे भेटतं का बघा." मला वाटलं, हे बोलायला ठीक आहे. खरेदी केंद्र काय वाटेत पडलंय?

पडलं होतं. इकडे दिवाळीत दारावर धानाची झालर टांगतात. नवीन धानाच्या लोंब्या विणून केलेली, मुठीएवढी, हातभर लांब, कशीही. खेड्यातल्या बाया टोपलीत घेऊन विकायला येतात. चिमण्यांनी येऊन दाणे खावेत म्हणून ती लावायची. काही जण तिला चिरई-चुगनी म्हणतात. आमच्या फाटकावर एक होती, दरवर्षी असते. त्या फोननंतरच्या सकाळी मी मागे मागे न जाता नुसती बघत राहिले. प्रभाकर फाटकाशी आले, झालरीपाशी थांबले. एक दाणा ओढला, चोळला, फुंकर मारली, दाताखाली धरला.

"ओला आहे. वाळवून आणा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी केंद्रावरच्या आवाजात: "पुढचा!"

पुढचा माल माझ्याकडे नव्हता. ते थोडा वेळ थांबले आणि चालू लागले; मी चपला घालून मागे गेले.

त्याच दुपारी साहू भाभीला प्रभाकरांपाशी बसवून मी पुरानी बस्तीतल्या गल्ल्यांत गेले. साहू भाभी म्हणजे समोरच्या घरातली. तिचं पुढे येईलच. दिवाळी उरकल्यामुळे बायांकडे झालरी उरल्या होत्या, त्या सगळ्या घेऊन आले. रिक्षात कोंडा सांडत होता आणि मला कितीतरी दिवसांनी हसू येत होतं. मग आमच्या गल्लीत दारोदार गेले. दाराला झालर लावा, आणि सकाळी साहेब येतील तेव्हा बाहेर येऊन फक्त विचारा, "साहब, पास?" ते काहीही म्हणोत, "जी" म्हणा. ते पुढच्या दारी जातील. शेवटच्या घराने त्यांना परत वळवायचं. बस.

काय काय ऐकलं! दरवाजे पर कचरा होता है, आंटी. चिड़िया बीट करती है. अभी तो पेंट कराया है. एक बाई म्हणाली, आमच्याकडे हे चालत नाही, आम्ही प्लास्टिकची लावतो. साहू भाभीने मात्र बोलूच दिलं नाही. "हव दीदी, टाँग दे. अउ का करना हे?" अजून काय करायचं, एवढंच विचारलं आणि स्टूल आणलं. बाकीच्या काही दारांवर मी चक्क भांडून झालर लावली. काही जणांनी शेजाऱ्याने लावली म्हणून लावली. सचिवांनी सगळ्यात शेवटी, तोंड वाकडं करून. आणि नेमकं त्यांचंच घर रस्त्याच्या तोंडाशी.

पहिल्या आठवड्यात एकदा ते बाहेरच आले नाहीत. प्रभाकरांनी दाणा चावला, "ओला" म्हणाले, कोणी "जी" म्हटलं नाही, आणि ते सरळ रस्त्याकडे वळले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला तेव्हा एक ट्रक इतक्या जवळून गेला की ताडपत्रीचा दोर माझ्या पदराला लागला. त्यानंतर सचिवांच्या दारात उभी राहून मी जे ओरडले ते मला आता आठवत नाही. गल्लीला अजून आठवतं. दुसऱ्या दिवसापासून सचिव बनियनवर, तोंडात ब्रश घेऊन, फाटकात हजर. "साहब, पास?" प्रभाकर दाणा चावायचे, त्यांना आपादमस्तक न्याहाळायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट!" रोज. हंगामभर त्यांचा माल एकदाही पास झाला नाही. गल्ली पोट धरून हसायची.

तो हंगाम माझ्या आयुष्यातला सगळ्यात संतापाचा आणि तरी सगळ्यात सुंदर हंगाम होता, हे कबूल करायला मला कष्ट पडतात. सकाळचं कोवळं ऊन, दारोदार सोनेरी लोंब्या, चिमण्यांचा कलकलाट, आणि त्यातून खिशाला पेन लावून फिरणारे साहेब. साहू भाभी फरे करायची, तांदळाच्या पिठाचे, वाफाळलेले. माल पास झाला तर एक त्यांच्या हातावर. ते ताठ मानेने घरी यायचे, "आज आवक चांगली होती," म्हणायचे आणि दिवसभर शांत राहायचे. गोळी नाही, कुलूप नाही. त्यानंतरचेही दोन हंगाम असेच गेले.

पण या शहराचा मला राग येतो तो इथेच. चिमणीने उपाशी राहू नये म्हणून जिथे दारावर दाणे टांगायची रीत आहे, तिथे एका माणसाला सकाळी दोन शब्द विचारावेत यासाठी मला दारोदार भांडावं लागलं. चिमण्यांवर माझा रोष नाही, त्यांनी खावं. पण आमच्याच गल्लीत अजून दोन घरांत असे आजारी आहेत हे मला नंतर कळलं. एकाला मागच्या खोलीत ठेवलेलं, दुसरीला सून माहेरी जाते तेव्हा बांधून. मी गेले, बोलले, हेल्पलाइनचा नंबर दिला. एका घराने दार उघडलं, दुसऱ्याने "हमारे यहाँ ऐसा कुछ नहीं है" म्हटलं. आतून भांडं आपटल्याचा आवाज येत होता.

गेल्या उन्हाळ्यात प्रभाकरांचे पाय गेले. आता ते पलंगावर असतात. भरवायचं, कूस बदलायची, पुसायचं. परवा तो वास आला तेव्हा त्यांच्या नाकपुड्या जरा हलल्या असं मला वाटलं. खरंच हलल्या का, सांगता येत नाही. लोक भेटतात आणि म्हणतात, चलिए, अब तो आराम है, कहीं जाते नहीं. आराम! मला दाताचा डॉक्टर गाठायला महिने लागले, अख्खी दाढ गेली. साहू भाभी येते, पण तिचेही गुडघे गेलेत, तिलाही नातवंडं आहेत. मी कॉलनीच्या बैठकीत लेखी दिलं होतं, आठवड्यातून एक दुपार कोणीतरी पाळीपाळीने येऊन बसा. विचार करू म्हणाले.

विचार केला त्यांनी. मागच्या रविवारी कॉलनीच्या वार्षिक कार्यक्रमात माझा सत्कार ठेवला. मला जायचंच नव्हतं. साहू भाभी म्हणाली, जा, मी बसते साहेबांजवळ. कार्यक्रमाला नेसायला तिने काढून ठेवलेली साडी तशीच घडीत राहिली; मी घरच्याच साडीत गेले. मंचावर फुलांची कमान, खुर्च्यांवर सगळी गल्ली. निवेदिका मधाळ आवाजात म्हणाली, "सेवा की मूर्ति, श्रीमती बोरकर!" टाळ्या झाल्या. सचिव शाल आणि नारळ घेऊन पुढे आले. मी हातानेच त्यांना थांबवलं आणि माइक मागितला. त्यांना वाटलं, आभार मानणार.

"शॉल रखिए," मी म्हटलं. सगळ्यांना कळावं म्हणून हिंदीतच बोलले. "मुझे मंगलवार की दोपहर चाहिए. दो घंटे. मूर्ति को बाथरूम नहीं जाना पड़ता, दाँत नहीं दुखते. मुझे सब होता है. इस मंगलवार कौन आएगा, नाम बताइए."

टाळ्या वाजवायला उचललेले काही हात तसेच राहिले. पहिल्या रांगेतले मोबाइल एकेक करून उजळले. सचिव शाल छातीशी धरून कुजबुजले, "भाभीजी, इस पर बाद में बैठकर बात कर लेंगे."

"चार वर्षं बसूनच आहे मी," मी म्हटलं, आणि या वेळी ते मराठीतच आलं. "नाव सांगा."

निवेदिकेने पुढच्या कार्यक्रमासाठी हसतमुखाने हात पुढे केला. मी माइक तिला दिला नाही.